दिल्लीच्या अंगणात जलपिंपळी 🌿🐝

यमुनेच्या खादरात (पूरमैदानात), कालव्यांच्या कडेला आणि दिल्लीतल्या ओलसर हिरवळींवर एक बुटकी वेल जमिनीलगत पसरते: जलपिंपळी, शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. घाणेरीच्याच कुळातली. लिनियसने 1753 मध्ये तिची नोंद केली. माळी मात्र तिला तण म्हणून उपटतात!

फूल जवळून पाहावं. जेमतेम सेंटिमीटरभराचं जांभळट बोंड, त्याभोवती चिमुकल्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे बोंड हळूहळू लांबतं आणि बहर बरेच दिवस टिकतो. ताज्या फुलाचा गळा पिवळा, जुन्याचा लालसर.

फुलोरी मधमाश्या, एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावर येतात.

लावायची कशी? फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाळ्यात, पेरं असलेले वीतभर तुकडे ओल्या मातीत आडवे दाबायचे. प्रत्येक पेराला मुळं फुटतात. भरपूर ऊन हवं. सुरुवातीला रोज पाणी, रुजल्यावर कमी. थंडीत वाढ मंदावते, उन्हाळ्यात पुन्हा जोम धरते. ओल मिळाली की ती शेजारच्या वाफ्यातही शिरते, म्हणून कडेला विटा लावाव्यात किंवा पसरट कुंडीत वाढवावी.

नोएडा-गुरुग्रामच्या बाल्कनीतही हे सहज जमतं, फक्त ऊन हवं.

कीटकनाशक अजिबात नको. फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा त्यांवरून अनवाणी चालू नका. आणि यंदा हिरवळ साफ करताना जलपिंपळीचा एक कोपरा तरी राखा!