मोशीच्या कचऱ्यातून वीज मिळते, मग हायड्रोजन का नाही?

पिंपरी-चिंचवडच्या कचऱ्यापासून वीज तयार करणाऱ्या मोशी प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. क्षमता रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॅट वीज. सुका कचरा जाळायचा, वाफेवर टर्बाइन फिरवायचे. काम औष्णिक केंद्राचेच, फक्त कोळशाऐवजी कचरा.

फ्युएल सेलमध्ये काहीच जळत नाही. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन थेट वीज तयार होते, मागे उरते पाणी. केपीआयटी-सीएसआयआरची अशी बस पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झाली.

ओला कचरा कुजवला की बायोगॅस मिळतो आणि त्यातल्या मिथेनपासून हायड्रोजन काढता येतो. अडचण सोबत येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची (कुजक्या अंड्याचा वास तो हाच). त्याचा अंशही सेलमधल्या प्लॅटिनमला निकामी करतो. म्हणून आधी गॅस काटेकोर शुद्ध करावा लागतो, आणि खर्च तिथेच वाढतो.