दोष कोणाचा? : टर्बोच्या सेन्सरची साक्ष आणि तिची उलटतपासणी

प्रवासी वाहतूक करणाऱ्या एका परिचिताच्या डिझेल गाडीने गेल्या पावसाळ्यात घाटाच्या मध्यावर मान टाकली. इंजिन बंद पडले नाही, पण पिकअप गेला, पिवळा दिवा लागला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत वर आली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पडद्यावर कोड आला : पी २५६४. त्याचा अर्थ, टर्बोचार्जरच्या पोझिशन सेन्सरचे सर्किट ‘लो’. मिस्त्रींचा निष्कर्ष एका दमात आला. ‘सेन्सर गेला. तो सुटा मिळत नाही, अख्खा टर्बो बदलावा लागेल.’ सांगितलेली रक्कम गाडीच्या सहा हप्त्यांएवढी होती.

टर्बो बदलावा लागला नाही. दोष शेवटी कुठे सापडला ते पुढे येईलच. त्याआधी प्रश्न असा की, स्कॅनरने जे सांगितले आणि मिस्त्रींनी जे ऐकले, त्यांत अंतर कुठे पडले?

टर्बोचार्जरची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनाबाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. अडचण एवढीच की, इंजिन सावकाश चालताना धूर कमी पडतो आणि वेगात चालताना तो फार होतो. त्यावर तोडगा म्हणून धुराच्या वाटेवर हलत्या पात्या बसवल्या गेल्या. पात्या मिटल्या की वाट अरुंद होते आणि थोडा धूरही जोरात आदळतो. उघडल्या की दाब आटोक्यात राहतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून धार लांब नेतो, तसेच हे.

पात्या किती उघडायच्या हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. हुकूम पाळला गेला की नाही हे कळवण्याचे काम पोझिशन सेन्सरचे. त्याच्याकडून धड खबर आली नाही, तर ईसीयू आंधळेपणाने हवा कोंबण्याचा धोका पत्करत नाही. तो डिझेल आणि दाब दोन्ही आवरतो. घाटात पिकअप गेला तो यामुळे. टर्बो फुटला नव्हता. ईसीयूने सावधगिरी बाळगली होती.

नेहमीच्या बांधणीत या सेन्सरला तीन वायरी जातात. एकीतून ईसीयू ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थची, तिसरी सिग्नलची. पात्या हलतील तसा तिसऱ्या वायरीवरचा दाब साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, पण दोन्ही टोकांना थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. ती का? पात्या पूर्ण मिटल्याची खूण शून्य व्होल्ट अशी ठेवली असती, तर ‘पात्या मिटल्या आहेत’ आणि ‘वायर तुटली आहे’ या दोन्ही खबरा सारख्याच दिसल्या असत्या. निरोप शून्याचा आहे की निरोप्याच आलेला नाही, हे ओळखता यावे म्हणून ही मोकळी जागा.

सिग्नल त्या जागेत शिरला की कोड उमटतो. हे कोड प्रमाणित आहेत. पी २५६२ म्हणजे सर्किटमध्ये दोष. २५६३ म्हणजे सिग्नल मर्यादेत आहे, पण हुकमाशी जुळत नाही. २५६४ म्हणजे सिग्नल फार खाली. २५६५ म्हणजे फार वर. २५६६ म्हणजे अधूनमधून तुटणारा. यांत ‘सर्किट’ या शब्दावर बोट ठेवायला हवे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशा तिन्ही वायरी, मधले कपलर, अर्थचा नट आणि खुद्द ईसीयूही येतो. पी २५६४ सेन्सर बिघडल्यावर येतो. सिग्नलची वायर इंजिनाच्या लोखंडाला घासून अर्थ झाली तरी येतो. ५ व्होल्टची वायर तुटली तरी येतो.

आपल्या न्यायशास्त्राने अशा चुकीला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे. साध्य असताना आढळतो आणि नसतानाही आढळतो, तो हेतू ‘सव्यभिचार’; तो हेत्वाभास होय. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त धूर आणि अग्नी यांच्याबरोबरच असे फसवे हेतूही शिकवले आहेत. ‘कोड आहे, म्हणून सेन्सर खराब’ हे अनुमान त्याच जातीचे. त्यावरचा उपायही जुनाच आहे : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असता कार्य दिसते का, आणि कारण काढून घेता ते जाते का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचे.

गॅरेजच्या भाषेत ही तपासणी अशी होते. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर काढायचा आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचा. हिरवट गंज, पाणी, मागे सरकलेली पिन, उंदरांनी कुरतडलेली वायर, हे पावसाळ्यानंतर पुष्कळदा दिसते. टर्बोशेजारून सातशे-आठशे अंशांचा धूर जातो, त्यामुळे तिथल्या वायरींचे आवरणही कडक होऊन तडकते. मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट मिळतात का ते मोजायचे. मिळत नसतील, तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांत हाच पुरवठा आणखी दोन-तीन सेन्सर वाटून घेतात. त्यांतला एखादा शॉर्ट झाला की सगळ्यांचा घास जातो.

पुरवठा ठीक असेल, तर वायरिंगच्या बाजूच्या कपलरात ५ व्होल्टची आणि सिग्नलची पिन फ्यूज लावलेल्या लहानशा वायरीने जोडायची. बॅटरीचे १२ व्होल्ट तिथे चुकूनही द्यायचे नाहीत, ईसीयू जळू शकतो. आता स्कॅनरवर सिग्नल ५ व्होल्टच्या आसपास दिसला, तर सिग्नलची वायर आणि ईसीयू निर्दोष. संशय सेन्सरवर येतो. दिसला नाही, तर दोष वायरीत किंवा ईसीयूत.

परिचिताच्या गाडीत काय झाले? तोवर दिवा विझला होता आणि उभ्या गाडीत सगळी मापे बरोबर येत होती. पिना जोडल्यावर स्कॅनरवर जवळजवळ ५ व्होल्ट दिसले. मग तशाच स्थितीत वायरिंगचा जुडगा कपलरपासून मागे मागे हलवत नेला. इंजिनावरच्या एका पट्टीपाशी तो वाकवला आणि आकडा शून्यावर पडला. सोडला, पुन्हा ५. पुरवठ्याच्या पिनेवरचे ५ व्होल्ट मात्र तसेच हलवूनही ढळले नाहीत. म्हणजे सिग्नलचीच वायर. आणि महत्त्वाचे म्हणजे या वेळी सेन्सर सर्किटमध्ये नव्हताच. तो नसतानाही दोष हजर होता, यापेक्षा चोख व्यतिरेक कोणता? आवरण सोलल्यावर आत तुटलेली तार दिसली. तिची टोके उभ्या गाडीत एकमेकींना टेकत होती आणि घाटातल्या हादऱ्यांत सुटत होती. जोड, डाग, वर आवरण, आणि जुडगा पट्टीपासून दूर बांधून टाकला. काम संपले.

प्रत्येक वेळी टर्बो निर्दोष सुटेल असे नाही. काजळीने पात्या अडकल्या तर सर्किट ठणठणीत असूनही पी २५६३ येतो. तिथे वायरी तपासण्यात दिवस घालवणे हीही चूकच. काही नवे सेन्सर स्थिती डिजिटल स्पंदांच्या रूपात कळवतात. त्यांना पिना जोडण्याची ही युक्ती लागू पडत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. कुठल्या पिनेत काय येते हे त्या गाडीच्या सर्किटच्या नकाशावरूनच ठरवायचे, अंदाजाने नाही. आणि टर्बो किंवा त्याचा ॲक्च्युएटर खरोखरच बदलला, तर पुष्कळ गाड्यांत पात्यांची दोन टोके स्कॅनरकरवी ईसीयूला नव्याने शिकवावी लागतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ लागू झाल्यावर गाड्यांतले सेन्सर वाढले आहेत, त्यामुळे असे कोड सर्वांच्याच वाट्याला येणार. प्रत्येकाने मल्टिमीटर हाती घ्यावा असे नाही. मात्र ‘सेन्सर गेला’ असे कोणी सांगितले, तर भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘कपलरपाशी माप किती आले?’ ज्याने मोजले असेल, तो आकडा सांगेल.