गिटारच्या जागी उभा राहिलेला सॅक्सोफोन

प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखला जाणारा संगीतप्रवाह १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः इंग्लंडमध्ये आकाराला आला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट ओलांडून दीर्घ बहुखंडी रचना, विषम मात्रांचे ताल, युरोपीय अभिजात संगीतातील रचनातत्त्वे आणि जॅझमधील उत्स्फूर्त वादन हे सारे रॉकच्या विद्युत्-नादात सामावून घेण्याचा ध्यास या प्रवाहातील वादकांनी घेतला होता. त्याचा इतिहास लिहिताना मानाचे पान बहुधा कळफलकाच्या वाद्यांना मिळते, म्हणजे हॅमंड ऑर्गन, मूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन यांना. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन, बासरी अशा वाद्यांच्या सुरांची ध्वनिमुद्रित फीत बसवलेली असते. सॅक्सोफोनचा उल्लेख मात्र साथीच्या वाद्यांच्या यादीत उरकला जातो. हा त्या वाद्यावर अन्याय आहे, कारण किंग क्रिम्सन या बँडचा आरंभीचा नाद सॅक्सोफोनवाचून अपुरा राहतो आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा तर उभाच राहत नाही.

बेल्जियममधील वाद्यनिर्माते ॲडॉल्फ साक्स यांनी २८ जून १८४६ रोजी पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. देह पितळेचा असूनही त्याची गणना लाकडी सुषिरवाद्यांत होते, कारण त्यातील ध्वनी वादकाच्या ओठांच्या कंपनातून उमटत नाही; मुखाशी बांधलेल्या बोरूच्या एका पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून तो निर्माण होतो. नळी शंकूसारखी रुंदावत जात असल्याने सप्तकाची कळ दाबताच तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, तर ओठांचा दाब आणि श्वासाचा जोर बदलून त्याच स्वराला कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत कोणतीही छटा देता येते. फुंकताना घशातून आवाज काढला की सूर खरखरीत होतो, आणि हा खरखरीतपणा विद्युत्-गिटारच्या जाणीवपूर्वक विकृत केलेल्या नादाच्या इतका जवळ जातो की दोन्ही वाद्ये एकत्र वाजत असताना त्यांची सीमारेषा सापडत नाही. लष्करी बँडसाठी योजलेले हे वाद्य रॉकमध्ये का रुजले, याचे उत्तर बहुतांशी या गुणात आहे.

१९५० च्या दशकातील रॉक अँड रोलमध्ये सॅक्सोफोन सर्रास होता. पण दोन कडव्यांमधल्या छोट्या तुकड्यापुरतीच त्याची मजल असे, आणि पुढच्या दशकात ती जागाही गिटारने बळकावली. मराठी श्रोत्याच्या कानात हे वाद्य बसले ते हिंदी चित्रपटगीतांमुळे, विशेषतः मनोहारी सिंग यांच्या वादनामुळे, आणि तेथे त्याचे काम बहुतेक वेळा शृंगाराचा किंवा रात्रीच्या धुंदीचा रंग भरण्याचे होते. ‘आराधना’तील ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये सिंग यांचा सॅक्सोफोन ज्या १९६९ साली ऐकू आला, त्याच वर्षी लंडनमध्ये या वाद्याकडून अगदी वेगळे काम करून घेतले जात होते.

ते काम किंग क्रिम्सनच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ या ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अल्बममध्ये ऐकू येते. लष्करी बँडमध्ये तयार झालेले इयन मॅक्डोनाल्ड या अल्बममध्ये सॅक्सोफोन, बासरी, क्लॅरिनेट आणि मेलोट्रॉन अशी अनेक वाद्ये वाजवतात. ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी स्किझॉइड मॅन’ या पहिल्याच रचनेतील रिफ, म्हणजे पुनःपुन्हा येणारा आणि रचनेचा कणा ठरणारा स्वरसमूह, गिटार आणि सॅक्सोफोन एकजीव होऊन वाजवतात. पुढे मध्यभागात सगळी वाद्ये अतिद्रुत लयीत एकाच स्वरावलीवर झेपावतात, एकदम थांबतात, क्षणभर निःशब्द राहतात आणि पुन्हा एकाच ठोक्यावर तुटून पडतात. सॅक्सोफोनवादकाला येथे श्वास घ्यायला मिळतो तो त्या नेमक्या थांब्यांतच. सॅक्सोफोन येथे शोभेचा राहत नाही, तो हल्ल्यात सामील असतो. मॅक्डोनाल्ड यांनी वर्ष संपता संपता बँड सोडला आणि त्यांची जागा मेल कॉलिन्स यांनी घेतली.

सर्वांगीण तयारीच्या दृष्टीने पाहिले तर कॉलिन्स हे या प्रवाहातील सर्वांत परिपूर्ण सॅक्सोफोनवादक ठरतात. ‘लिझर्ड’ (१९७०) मध्ये ते जॅझच्या वादकांसोबत सहज मिसळतात, ‘आयलंड्स’ (१९७१) मध्ये कधी हळुवार तर कधी मुद्दाम ओबडधोबड वाजवतात, आणि कॅसेटवर मुद्रित झाल्याने नादाच्या दर्जाबाबत बदनाम झालेल्या ‘अर्थबाउंड’ (१९७२) या मैफलींच्या अल्बममध्ये त्यांचा सूर त्या गढूळ मुद्रणातूनही धारदारपणे वर येतो. बँड सोडल्यानंतर पाहुणे वादक म्हणून ते ‘रेड’ (१९७४) साठी परतले, मॅक्डोनाल्डही आले, आणि त्या अल्बममधील ‘स्टारलेस’ ही बारा मिनिटांची रचना हे सॅक्सोफोनच्या वाट्याला आलेले एक अपूर्व यश आहे. तीत गायनानंतर १३ मात्रांच्या आवर्तनावर गिटार एकेका स्वरावर अडून राहत ताण असह्य होईपर्यंत वाढवत नेते, मग लय उसळते, आणि शेवटी आरंभीची खिन्न धून परतते ती सॅक्सोफोनच्या गळ्यातून. मेलोट्रॉनच्या फितींनी जे दुःख सूचित केलेले असते, ते एका माणसाच्या श्वासाने बोलून दाखवावे असा हा शेवट आहे. कॉलिन्स पुढे कॅमल या बँडमध्येही होते, आणि २०१३ मध्ये पुनर्रचित झालेल्या किंग क्रिम्सनमध्ये परतून २०२१ च्या टोकियोतील अखेरच्या मैफलीपर्यंत टिकले.

तरीही सॅक्सोफोनचे स्थान मुळापासून बदलले ते व्हॅन डर ग्राफ जनरेटरमधील डेव्हिड जॅक्सन यांनी. पीटर हॅमिल यांचे गायन आणि काव्य हा या बँडचा केंद्रबिंदू होता. ह्यू बँटन ऑर्गन वाजवत, गाय एव्हन्स तालवाद्ये सांभाळत, आणि १९७० मध्ये बेसवादक निक पॉटर बाहेर पडल्यावर बँटन यांनी मैफलींत बेसचे काम ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर घेतले. प्रमुख गिटारवादक या बँडला जवळजवळ नव्हताच. रॉकच्या बँडमध्ये गिटारची जागा रिकामी राहणे म्हणजे आघात, आक्रोश आणि एकल वादन या तिन्ही जबाबदाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उचलाव्या लागणे, आणि त्या जॅक्सन यांनी उचलल्या.

त्यासाठी त्यांनी वापरलेली तंत्रे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्क यांच्यापासून प्रेरणा घेऊन जॅक्सन आल्टो आणि टेनर हे दोन सॅक्सोफोन एकाच वेळी गळ्यात अडकवत आणि दोन्हींची मुखे एकदम ओठांत धरून वाजवत. एका सॅक्सोफोनलाच एरवी दोन्ही हात लागतात, डाव्या हाताला वरच्या कळा आणि उजव्या हाताला खालच्या. प्रत्येक वाद्याच्या वाट्याला एकच हात आला की मोजकेच स्वर हाती राहतात, आणि एकाच श्वासाने दोन रीड कंपित ठेवायच्या असल्याने छातीवर दुप्पट भार पडतो. पण त्या मर्यादेतून जो जाड, कर्कश, दोन स्वरांचा एकवटलेला नाद निघतो तो एका वाद्यातून मिळणार नाही. याच्या जोडीला त्यांनी वाद्यावर ध्वनिग्राहक बसवून त्याचा सूर गिटारप्रमाणे विद्युत्-उपकरणांतून फिरवला: वाह-वाहमुळे पायाच्या दाबाने सुराचा रंग उघडत-मिटत जाई, तर ऑक्टेव्ह उपकरणामुळे वाजवलेल्या स्वराला खालच्या सप्तकातील जोड मिळे. ‘एच टू ही, हू ॲम द ओन्ली वन’ (१९७०) मधील ‘किलर’ या रचनेत ऑर्गन आणि सॅक्सोफोन यांनी मिळून वाजवलेला जडशीळ रिफ ऐकला की गिटारची उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही.

‘पॉन हार्ट्स’ (१९७१) हा या शैलीचा कळस होय. त्याची संपूर्ण दुसरी बाजू व्यापणाऱ्या ‘अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स’ या दहा खंडांच्या, तेवीस मिनिटांच्या रचनेत एका एकाकी दीपगृहरक्षकाच्या मनाची पडझड मांडलेली आहे. तीत सॅक्सोफोन कधी धुक्यातील भोंग्यासारखा दूरवरून येतो, कधी हॅमिल यांच्या किंचाळणाऱ्या आवाजाशी झटापट करतो, आणि त्या झटापटीत गाणारा कोण आणि वाजवणारा कोण हे काही क्षण कळेनासे होते. इंग्लंडमध्ये या अल्बमकडे फारसे कोणी वळले नाही. इटलीत मात्र तो विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जॅक्सन यांनी पुढे नेपल्सच्या ओसाना या बँडबरोबरही वादन केले. मूळ बँडमधून ते १९७७ मध्ये बाहेर पडले, आणि नंतर साउंडबीम या उपकरणाद्वारे, ज्यात अदृश्य ध्वनिलहरींच्या झोतात केलेल्या शारीरिक हालचालींतून संगीत निर्माण होते, अपंग मुलांसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले.

अन्य बँडमधील वादकांपैकी सॉफ्ट मशीनचे एल्टन डीन हे मुळात जॅझचे वादक. त्यांच्या आल्टोमुळे ‘थर्ड’ (१९७०) पासून हा बँड रॉकपेक्षा मुक्त जॅझकडे झुकला, आणि ऑगस्ट १९७० मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्स या अभिजात संगीताच्या महोत्सवात वाजवण्याचा मान त्याला मिळाला. एल्टन जॉन या गायकाच्या नावातील ‘एल्टन’ डीन यांच्याकडूनच आला आहे. कोलोसियममधील डिक हेकस्टॉल-स्मिथ हेही दोन सॅक्सोफोन एकदम वाजवत, तर गाँगमधील दिदिए मालेर्ब यांच्या वादनात एक मोकळा, खेळकर लवचीकपणा होता.

सर्वाधिक लोकांनी ऐकलेला या प्रवाहातील सॅक्सोफोन मात्र केंब्रिजच्या डिक पॅरी यांचा, कारण पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मध्ये तो आहे. ‘मनी’ ही रचना सात मात्रांच्या आवर्तनात चालते. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात मात्रांचे नवल वाटणार नाही, पण रॉकमध्ये ती अवघड वाट होती, इतकी की गिटारच्या एकल वादनासाठी बँड चार मात्रांवर येतो. पॅरी यांचे टेनर वादन मात्र त्या सात मात्रांतच होते, आणि ते इतके सहज आहे की मात्रा मोजण्याची आठवण राहत नाही. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये (१९७५) ते बॅरिटोनवरून टेनरवर येतात आणि त्याच वेळी तालही पालटतो. जॅक्सन यांची धग पॅरी यांच्याकडे नाही, नेमकेपणा आहे.

आजच्या पिढीत थिओ ट्रॅव्हिस हे संगीतकार स्टीव्हन विल्सन यांच्या अल्बममधून ही परंपरा पुढे नेत आहेत. या वाद्याशी केवळ चित्रपटगीतांतून ओळख असलेल्या वाचकाने आधी ‘मनी’ ऐकावे, मग ‘स्टारलेस’, आणि त्यानंतर ‘पॉन हार्ट्स’ची दुसरी बाजू, मध्ये न थांबता, चांगल्या हेडफोनवर ऐकावी.