बारशाच्या दिवशी कान पाहावा

बाराव्या दिवशी बाळाचे नाव ठेवावे आणि त्याच सुमारास सोनाराकडून कान टोचून घ्यावेत, ही रूढी मराठवाड्यातील अनेक घरांत आजही पाळली जाते. छत्रपती संभाजीनगर येथे व्यवसाय करणाऱ्या आम्हां वैद्यांना या दिवसाचे वैद्यकीय महत्त्वही मोठे वाटते. टोचण्यासाठी कर्णपाली हाती धरली जाते. संपूर्ण कान मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही.

काही नवजात बालकांचा कान वरून दुमडलेला, कडेला चिमटलेला, सुपासारखा पुढे आलेला अथवा वरच्या बाजूने त्वचेखाली दडलेला असतो. कानाचे सर्व घटक असून केवळ त्याची घडण बिघडली असेल, तर ती शस्त्रकर्मावाचून सुधारू शकते. मातेकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे नवजाताच्या कानाची कूर्चा मऊ व लवचिक असते. या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे सहा आठवड्यांत ओसरते आणि कूर्चा ताठर होऊ लागते. जपानमधील मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या अवस्थेचा उपयोग करून केलेली चिकित्सा प्रसिद्ध केली. मऊ तार घातलेली सिलिकॉनची बारीक नळी किंवा तयार साचा कानाच्या खाचेत बसवून चिकटपट्टीने स्थिर करतात. पहिल्या तीन आठवड्यांत आरंभ झाल्यास बहुधा दोन ते सहा आठवड्यांत काम होते. त्वचा लाल होणे वा व्रण पडणे हे यातील मुख्य उपद्रव होत. म्हणून वारंवार तपासणी आवश्यक असते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात सहाव्या अथवा सातव्या महिन्यात कर्णवेध, पुढे दर तीन दिवसांनी अधिक जाड वर्ती आणि तुटलेल्या कर्णपालीसाठी पंधरा बंध वर्णिले आहेत. नवजाताच्या कानाचा साचा तेथे सांगितला आहे, असे म्हणणे ओढाताणीचे ठरेल. तथापि मृदू अवयवावर हळूहळू व योग्य काळी संस्कार करावा, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

खरी अडचण काळाचीच आहे. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआप सुधारतात, त्यामुळे घरातील वडीलधारी माणसे ‘तेल लावा, सरळ होईल’ असे म्हणून वाट पाहतात. पुढे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. बालक आपल्यासमोर येते तेव्हा अनुकूल काळ सरलेला असतो आणि मग पाच-सहा वर्षांनंतरच्या शस्त्रकर्माचाच मार्ग उरतो. बाराव्या दिवशीही कान वाकडाच असेल, तर वाट पाहू नये.

आपले कर्तव्य कान ओळखण्याचे व वेळेवर पाठविण्याचे आहे. घरगुती चिकटपट्टीचे प्रयोग करू नयेत; सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण येथेही लागू पडते. अनुभवी प्लास्टिक सर्जनकडे, अथवा प्रथम घाटी रुग्णालयातील बालरोग किंवा कान-नाक-घसा विभागाकडे पाठवावे. कान अतिशय लहान वा अपूर्ण असेल, अथवा कर्णमार्गच नसेल, तर साच्याचा उपयोग नाही. अशा बालकाची श्रवणचाचणी मात्र तातडीने करवून घ्यावी.

औषधालयाच्या चालकांसही आमची विनंती आहे. बाळगुटी वा बाळाच्या अभ्यंगाचे तेल घेण्यास आलेल्या आजीला किंवा पित्याला, ‘बाळाचे दोन्ही कान सारखे आहेत ना?’ एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने एखाद्या बालकाचे शस्त्रकर्म टळू शकेल.