दिवा आपला, डोळे समोरच्याचे
मोटारीला एच.आय.डी. दिवे बसवण्यापूर्वी



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे येणारे रस्ते रात्रंदिवस वाहते असतात. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दुधाच्या मोटारसायकली आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या सभासदांच्या मोटारी. रात्री गाडीचा उजेड कमी पडतो ही अनेकांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. मग नागपूरला कामासाठी गेलेला एखादा सभासद गाडी दुकानासमोर उभी करतो. जरीपटका घ्या. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वसवलेली उत्तर नागपुरातली ही वस्ती आज मोठी बाजारपेठ आहे. तिथे काय किंवा शहरात दुसरीकडे काय, मागणी एकच असते, "भाऊ, लाइट जरा कडक करून द्या." दुकानदार एक पेटी पुढे सरकवतो. तास-दीड तासात पिवळा उजेड जाऊन पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला उजेड येतो. गावात चारचौघे कौतुकही करतात. या दिव्यांना एच.आय.डी. किंवा झेनॉन म्हणतात. ते आपल्या गाडीला बसवावेत काय, याचा नीट विचार करू.

हा दिवा पेटतो कसा

नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून उजेड देते. एच.आय.डी. दिव्यात तारच नसते. स्फटिकाच्या लहानशा कुपीत झेनॉन वायू व काही क्षार भरलेले असतात आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत जळत राहते. वेल्डिंगची ठिणगी ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच समजेल. ही ठिणगी पाडण्यासाठी क्षणभर वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो. तो देण्यासाठी आणि नंतर वीज आटोक्यात ठेवण्यासाठी एक डबी असते, तिला बॅलास्ट म्हणतात. ट्यूबलाइटच्या चोकचाच हा सुधारलेला भाऊ. घरच्या घरी त्याच्याशी खेळू नये, झटका जीवघेणा ठरू शकतो.

फायदा दिसतो तो असा. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साधारण १,००० ते १,५०० ल्यूमेन उजेड देतो, तर ३५ वॅटचा एच.आय.डी. ३,००० च्या आसपास. वीज कमी, उजेड दुप्पट. १९९१ साली बी.एम.डब्ल्यू.च्या ७ सिरीज मोटारीवर हे दिवे प्रथम आले. तेव्हा वस्तू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ती कोणत्या घरात बसवली याचा.

मग बिघडते कुठे

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरसा म्हणजे रिफ्लेक्टर आणि पुढची काच मिळून तो एक दिवा होतो. बल्बची तार नेमकी कुठे येणार, किती लांबीची असणार, हे मिलिमीटरमध्ये धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरवलेला असतो. एच.आय.डी.ची ठिणगी तारेसारखी सरळ नसते. ती किंचित वर वाकलेली असते आणि दोन्ही टोकांशी जास्त तेजस्वी असते. त्यामुळे हॅलोजनसाठी घडवलेला आरसा तिचा उजेड भलतीकडे फेकतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना एच-४ जातीचा बल्ब असतो. त्यात अप्पर व डिप्पर अशा दोन तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ही वाटी आरशाच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणूनच डिप्परचा उजेड एका रेषेच्या वर चढत नाही. त्या जागी मिळणाऱ्या एच.आय.डी. संचात कुपी एकच असते. ती चुंबकाने मागेपुढे सरकवून अप्पर-डिप्परचे काम भागवतात. रेषा फाटते, उजेड वर जातो.

शेतातलेच उदाहरण घ्या. विहिरीवर दुप्पट ताकदीची मोटर बसवली आणि पाट मात्र जुनाच ठेवला, तर पाणी उसाला मिळण्याऐवजी पाट फोडून शेजाऱ्याच्या रानात शिरते. इथेही तेच होते. पाणी वाढले, पण ते आपल्या उसाला लागले नाही.

चालवणाऱ्याला मात्र खूप दिसते असे वाटते, कारण गाडीपुढचा जवळचा रस्ता लख्ख उजळतो. त्या उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरची अंधारी वस्तू उलट कमी दिसते. पाऊस-धुक्यात निळसर उजेड आणखी त्रास देतो. शिवाय हाच दिवा जितका निळा घ्यावा, तितका त्याचा प्रत्यक्ष उजेड साधारणपणे कमी होत जातो. ४,३०० केल्विनपेक्षा ८,००० केल्विनचा दिवा भारी, ही समजूत चुकीची आहे.

समोरच्याचे काय

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोरच्याचे डोळे नुसते तीन सेकंद दिपले तरी तो ६६ मीटर आंधळेपणाने चालला असे समजा. वय वाढले किंवा मोतीबिंदू असला की डोळे सावरायला आणखी वेळ लागतो. त्याच ६६ मीटरमध्ये मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असू शकते, बैलगाडी चाललेली असू शकते, कडेने तोडणीवरून परतणारी माणसे असू शकतात. ती ट्रॉली कदाचित आपल्याच शिवारातला ऊस घेऊन निघालेली असेल.

नव्या गाडीचा स्वभाव

जुन्या जीपला काहीही जोडले तरी ती चालून जायची. आजच्या मोटारीत दिव्यांवर संगणकाची नजर असते. बल्ब किती वीज ओढतो हे तो तपासतो. वीज कमी ओढली गेली की त्याला बल्ब गेला असे वाटते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. काही गाड्यांत दिव्याला वीज सलग न देता तुकड्या-तुकड्यांनी देतात, त्यामुळे बॅलास्ट मिणमिणतो. त्यावर उपाय म्हणून रेझिस्टन्स जोडतात, तो चांगलाच तापतो आणि जवळचे प्लास्टिक व वायर धोक्यात येतात. बॅलास्टची वायर आत नेण्यासाठी दिव्याच्या मागच्या झाकणाला भोक पाडले की धूळ आणि बाष्प आत जाते. वायरिंग कापले की त्या भागाची वॉरंटी मिळेलच असे नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते.

"काही होत नाही भाऊ, सगळेच बसवतात," असे दुकानात सांगितले जाते. सगळे बसवतात म्हणून ते नियमात बसत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला भाग बसवणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा मालकाला सांगितली आहे, हे ध्यानात घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा आणि आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये.

कंपनीतूनच एच.आय.डी. आलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिचा रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर त्याच ठिणगीसाठी घडवलेला व तपासलेला असतो. युरोपच्या नियमांत तर २,००० ल्यूमेनवरील डिप्परला झोत आपोआप खालीवर करणारी यंत्रणा व काच धुण्याची सोयही मागितली गेली. दुकानातल्या पेटीत यातले काही नसते. आपला दिवा कोणत्या जातीचा हे पाहायचे तर काचेवरची बारीक अक्षरे वाचा. ‘एच’ने सुरू होणारी खूण, जसे एचसीआर, म्हणजे हॅलोजन, ‘डी’ने सुरू होणारी, जसे डीसीआर, म्हणजे एच.आय.डी.

हॅलोजनच्या घरात बसवायच्या एल.ई.डी. बल्बांनाही वरील बहुतेक दोष लागू आहेत.

उजेड वाढवायचाच असेल तर

१. दिव्याची पुढची काच आता प्लास्टिकची असते व उन्हाने पिवळी पडते. ती पॉलिश करून घ्यावी. पुष्कळदा खरी अडचण हीच असते.

२. इंजिन चालू ठेवून बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजून घ्यावे. हॅलोजनचे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेले अर्थिंग व सैल होल्डर दुरुस्त करावेत.

३. बल्ब जुना झाला की काळवंडतो. त्याच वॅटचा, नामांकित कंपनीचा नवा बल्ब जोडीने बदलावा. १०० वॅटचे बल्ब घालू नयेत, होल्डर व आरसा जळतो.

४. झोत लावून घ्यावा. टायरमध्ये हवा बरोबर भरून, चालक बसवून, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याइतकी उंची भिंतीवर खडूने आखावी. डिप्परची रेषा तिच्याखाली साधारण दहा सेंटिमीटर यावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

५. मागे पोती भरली की गाडीचे नाक वर उठते. डॅशबोर्डवरचा ० ते ३ चा खटका असेल तर तो ओझ्याप्रमाणे वळवावा.

एवढे करूनही उजेड पुरत नसेल तर डोळे तपासून घ्यावेत आणि वेग कमी करावा.

शेवटी ट्रॉलीवाल्या सभासदांनाही तितकेच सांगणे आहे. मोळ्या व वाढे लोंबून मागचे दिवे झाकले जातात. ट्रॉलीच्या मागे आणि बाजूंना रिफ्लेक्टर लावावेत, त्यांवरचा चिखल रोज पुसावा, ते उसाखाली झाकणार नाहीत असे बसवावेत. रिफ्लेक्टर उजेड आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून साध्या हॅलोजनच्या गाडीलाही तो दुरून दिसतो. काही शे रुपयांचा हा रिफ्लेक्टर रात्रीच्या रस्त्यावर महागड्या निळ्या दिव्यापेक्षा जास्त जीव वाचवील. हंगामाची पहिली खेप निघण्यापूर्वी मोटारवाल्यांनी आपला डिप्पर आणि ट्रॉलीवाल्यांनी आपला मागचा रिफ्लेक्टर एकदा तपासून घ्यावा, ही विनंती.