पोरं लहान आहेत म्हणून पद नको?



गटाचे पदाधिकारी बदलायची वेळ आली की बैठकीत सगळ्यांच्या माना खाली जातात. "नको बाई, माझी पोरं लहान आहेत." "मला काय कळतंय त्यातलं?" मग एकच ताई वर्षानुवर्षं अध्यक्ष राहते. वही तिच्याकडे, बँकेत तीच जाणार, आणि ती आजारी पडली की गट थांबतो. म्हणून आज सांगायचंय, की ज्या पोरांचं कारण सांगून आपण पद नाकारतो, त्या पोरांनीच आपली निम्मी तयारी करून घेतलेली असते.

पहिली तयारी म्हणजे आधी काय, मग काय, हे ठरवणं. एकाला ताप, दुसऱ्याची शाळेची वेळ, चुलीवर दूध आणि कामावर जायची घाई. हे रोज निभावणारी बाई गटातही निभावते. समजा, गटाकडे २०,००० रुपये आहेत आणि मागणी आली ३५,००० ची. एकीला दवाखान्यासाठी ८,००० हवेत, दुसरीला बियाणं-खतासाठी १२,०००, तिसरीला शिलाई मशीनसाठी १५,०००. दवाखाना थांबत नाही, पेरणीही थांबत नाही. मशीन मात्र परतफेड आल्यावर घेता येईल. पण तिसरीला नुसतं "नाही" म्हणायचं नाही. का नाही आणि कधी मिळेल, ते सगळ्यांसमोर सांगायचं. हट्ट करणाऱ्या मुलाला आपण हेच समजावत असतो ना?

दुसरी तयारी म्हणजे काम सोपवणं. मूल आपल्या हाताने जेवायला लागतं तेव्हा निम्मा भात खाली सांडतो. आपण भरवलं तर काम लवकर होतं, पण मग ते कधीच शिकत नाही. गटाच्या वहीचंही तसंच आहे. एका महिन्याची नोंद दुसरीला करू द्या, शेजारी बसा, खाडाखोड झाली तर होऊ द्या. पैसे भरायला जाताना नवी सभासद सोबत न्या. पुढचा अध्यक्ष असाच तयार होतो.

तिसरी तयारी म्हणजे शब्द आणि नियम पाळणं. आज रागावलो आणि उद्या त्याच गोष्टीवर हसलो, तर मूल आपलं ऐकत नाही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब या पाच गोष्टी आहेत. उशिरा हप्त्याचा दंड शेजारणीला लावला आणि जावेला सोडला, तर पाचही सूत्रं कागदावरच राहतात.

पण एक फरक लक्षात ठेवा. सभासद म्हणजे आपली लेकरं नव्हेत. घरात शेवटचा शब्द आईचा चालतो, गटात तो ठरावाचा असतो. पोरांना दटावतो तसं बाईला चारचौघींत दटावलं, तर ती पुढच्या बैठकीला येत नाही.

आणि काही गोष्टी घरात शिकायला मिळत नाहीत. पासबुक वाचणं, व्याजाचा हिशेब, ठराव लिहिणं, सभेत उभं राहून बोलणं. त्या सरावाने येतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभाही होते. तिथे बोलायचा सराव गटाच्या बैठकीतच होऊ शकतो.

आता खरी अडचण. बैठकीच्या वेळी पोरं कोण बघणार? ती एकट्या आईची जबाबदारी नाही. बैठकीची तारीख-वेळ आधीच घरात सांगा, तेवढा तास मुलांच्या बाबांकडे द्या. ही तयारी बाईच्या जातीला जन्मजात मिळत नाही, पोरांचं करता करता ती अंगी येते. कामावरून आल्यावर मुलांचा अभ्यास घेणारा, त्यांची भांडणं सोडवणारा बापही ती शिकतो. त्याच्या कामाच्या ठिकाणी त्याचा उपयोगच होईल.

तर पुढच्या वेळी पदाधिकारी निवडताना "कोण शिकलेली आहे?" एवढंच विचारू नका. कोण शांतपणे ऐकून घेते, कोण वाटणी न्यायाने करते, कोणाचा शब्द घरात आणि शेजारात पाळला जातो, तेही बघा. आणि तुमचं नाव पुढे आलं, तर मान खाली घालू नका. लिहायला शेजारीण मदत करेल. माणसं सांभाळायला तुम्ही केव्हाच शिकला आहात.