परसातील मेलेल्या माडांचे बुंधे कसे काढावेत

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या तालुक्यांतील कित्येक पिढ्यांच्या माडापोफळींच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पडलेली खोडे बागायतदारांनी तोडून नेली. परंतु मोडलेल्या माडांचे बुंधे पुष्कळ ठिकाणी जमिनीतच राहिले. वादळ असो, वीज असो वा वार्धक्य, माड गेला की हाच प्रश्न परसात उभा राहतो. बुंधा आपोआप कुजून जाईल, त्यासाठी घाम कशाला गाळावा, असे अनेकांस वाटते. हा समज महागात पडणारा आहे.

माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेल्यावर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटत नाहीत. तो केवळ कुजत राहतो. अशा कुजणाऱ्या बुंध्यात गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालते. पांढऱ्या, जाड, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्या तेथे काही महिने पोसतात आणि पुढे त्यांचे भुंगे होऊन ते शेजारच्या माडांच्या कोवळ्या सुईत शिरतात. उलगडलेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसू लागल्या, की भुंगा येऊन गेला असे समजावे. मोठा माड हा घाव सोसतो. लहान रोप मात्र पुष्कळदा दगावते. उंच जातीच्या माडास फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे जुना बुंधा राखून नवे रोप लावणे, हे आपल्याच हाताने शत्रूला घर बांधून देणे होय.

हे काम पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात करावे. त्या वेळी जमीन ओलसर असते, पण चिखल नसतो. जमीन वाळली असल्यास आदल्या सायंकाळी बुंध्याभोवती आळे करून पाणी भरावे. कुदळ, फावडे, पहार, कुऱ्हाड, घमेले व बळकट दोर एवढी साधने पुरेत. कुऱ्हाडीचा दांडा घट्ट आहे की नाही हे आधी पाहावे. जवळून नळ अथवा विजेची तार पुरलेली असल्यास तिची जागा निश्चित करून घ्यावी.

बुंधा जमिनीलगत कापू नये. छातीइतका उंच ठेवावा. ओढताना तोच तरफेचे काम देतो. बुंध्यापासून सुमारे दोन फूट अंतरावर, माणसास उभे राहून काम करता येईल एवढा रुंद चर गोल खणावा. माडाला सोटमूळ नसते. बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळे बुडख्यातून चोहोकडे जातात. ती पहारेने व कुऱ्हाडीने तोडीत दोन ते तीन फूट खोल जावे. मुळांवरील माती झाडून मगच घाव घालावा. मातीतील खड्यांनी धार बोथट होते.

नंतर बुंध्याच्या शेंड्याला दोर बांधून आलटूनपालटून दोन बाजूंस ओढावे. बुंधा हलू लागला की खालची मुळे दिसतात. ओढणे थांबवून ती तोडावीत. बुंधा पडण्याच्या बाजूस कोणीही उभे राहू नये, मुलांस तर जवळ फिरकू देऊ नये. चराची एक बाजू उतरती केली म्हणजे बुंधा गडगडत वर आणणे सोपे जाते.

आंबा किंवा फणस यांचा खुंट काढताना जाड आडवी मुळे दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाकावा. शेवटी सोटमूळ तोडावे. खुंट भिंतीच्या पायालगत किंवा विहिरीच्या कठड्याशी असल्यास खणण्याचा हट्ट धरू नये. तो जमिनीखाली वीतभर कापून मातीने झाकावा. खड्ड्यात खुंट जाळणेही टाळावे; शेजारच्या झाडांची मुळे भाजतात.

काढलेला बुंधा परसात ठेवल्यास सर्व श्रम वाया जातील. तो त्वरित फोडावा, अळ्या दिसल्यास नष्ट कराव्यात, आणि ढलप्या उन्हात वाळवून सरपणास वापराव्यात. कुजका भुसा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. तेथेही हा भुंगा वाढतो. शेणखतात अळ्या आढळल्यास मेटारायझियम या उपयुक्त बुरशीचा वापर करावा.

खड्डा थराथराने माती दाबून भरावा व एक पावसाळा बसू द्यावा. नवे रोप त्याच जागी न लावता थोडे बाजूस, एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात लावावे. दोन माडांत साडेसात मीटर अंतर असावे. दोघा-तिघांच्या एका दिवसाच्या श्रमाने एक बुंधा निघतो. ज्या वाडीची पुढची पिढी आज रोपांच्या रूपाने उभी राहत आहे, तिच्यासाठी हे श्रम निश्चितच अधिक नव्हेत.